कुस्तीचा गेम बनवायचाय, इंजिन कुठलं घेऊ?

या वेळचं पत्र उद्यमनगरमधनं आलंय, थोडं छाटून देतेय:

"ताई, वय २१, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सध्या बाबांच्या लेथच्या शॉपवर असतोय. मला गेम बनवायचाय, कोल्हापूरच्या कुस्तीवर. खेड्यातनं आलेला पोरगा तालमीत राहतो, वस्ताद त्याला तयार करतो, शेवटी खासबागेत मोठी कुस्ती, असं सगळं. ओपन वर्ल्ड पाहिजे, रंकाळा, महाद्वार रोड सगळीकडं फिरता येणार, ऑनलाइन मल्टिप्लेयर पण. दोन वर्षं वहीत लिहितोय, १८० पानं झाली. पण कॉम्प्युटरवर अजून काहीच केलं नाही कारण इंजिनच ठरेना, यूट्यूबवर एकजण म्हणतो युनिटी घे, दुसरा म्हणतो अनरियल. लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅमचा. एक दीड लाखाचा कोर्स बघितलाय, ५ हजार भरून सीट अडवलीय. मित्र म्हणतोय आधी ड्रॉइंग शिक. बाबा म्हणतात गेम म्हणजे रमीचा धंदा, त्यात पडू नको. सुरुवात नेमकी कुठनं करू? – वहीवाला"

वहीवाल्या,

इंजिन (म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बांधतात ते) विचारलंस, लॅपटॉप, कोर्स, ड्रॉइंग, बाबा, सगळं विचारलंस, पण एक गोष्ट अख्ख्या पत्रात मला सापडली नाही, ती म्हणजे तुझ्या गेममध्ये खेळणाऱ्यानं करायचं काय. पोरगा खेड्यातनं येतो, हे तू ठरवलंयस. वस्ताद त्याला तयार करतो, तेही तूच लिहून ठेवलंयस. शेवटी खासबागेत काय होणार तेही फिक्स. मग ज्याच्या हातात मोबाईल आहे त्यानं काय नुसतं बघत बसायचं? तो पिक्चर झाला रे, आणि पिक्चरच काढायचा असेल तर तसं सांग, कोल्हापुरात त्याला माणसांची कमी नाही.

वही टाकून दे म्हणत नाहीये मी. तालमीतली पहाट, खुराक, वस्तादाच्या शिव्या, ते सगळं पुढं कामाला येणारच आहे, पण पुढं. आत्ता त्या १८० पानांतनं फक्त एक क्षण उचल. माझ्या डोक्यात जो येतोय तो सांगते, तुला दुसरा सुचला तर तो घे. खडाखडी झालीय, दोघं मानेला हात घालून उभे आहेत, दोघांचाही दम अर्धा गेलाय, आणि आता पट काढायचा, म्हणजे पाय धरून ओढायचा, का समोरचा काढेल म्हणून दबा धरून थांबायचं. बास, एवढंच. मैदानात लाल मातीभोवती बसलेली माणसं पैसे मोडून, उन्हात बसून नेमकं हेच बघायला आलेली असतात, कोण आधी हलतोय. हा एक निर्णय तुझ्या गेममध्ये भारी जमला तर बाकीचं सगळं त्याच्याभोवती उभं करता येतं, आणि हाच बोअर झाला तर रंकाळ्याला कितीही चकरा मारायला लाव, पब्लिक दहा मिनिटांत अनइन्स्टॉल करून मोकळं होणार.

गेम डिझाइन म्हणजे मुळात एवढंच काम असतंय, खेळणाऱ्यासमोर सतत काहीतरी निवडायला ठेवायचं आणि प्रत्येक निवडीत काहीतरी मिळेल, काहीतरी जाईल असं बघायचं. चित्रं, कोड, म्युझिक ही वेगळी कामं आहेत, महत्त्वाची आहेत, पण ती वेगळी.

आणि हे शिकायला लांब जायची गरज नाही, घरात आजी असेल तर तिला चल्लस-आठ मांडायला सांग. तू लहानपणी खेळला असशीलच, पाच बाय पाचचा पट, चार कवड्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. पण या वेळी जिंकायला बसू नकोस, नियम उसवून बघायला बस. चार कवड्या उताण्या-पालथ्या पडायचे एकूण १६ प्रकार होतात. त्यातले दोन उताण्या पडायचे ६, एक उताणी पडायचे ४, तीन पडायचे ४, आणि चारही उताण्या म्हणजे चल्लस किंवा चारही पालथ्या म्हणजे आठ, हे फक्त एकेक. (कवडी काय नाण्यासारखी दोन्हीकडनं सारखी पडत नाही, त्यामुळं प्रत्यक्षात थोडं इकडंतिकडं होतंय, पण अंदाज हाच.) म्हणजे बघ, दोन घरं चालायला मिळणं रोजचं आहे, आणि आठ घरं मिळणं दुर्मिळ, वर आठ पडलं की परत टाकायला मिळतं. त्यामुळं हरत आलेला माणूससुद्धा पटावरनं उठत नाही, त्याला वाटत असतंय की एक आठ पडू दे फक्त. साधा सहा बाजूंचा फासा असता तर एक ते सहा सगळं सारख्याच वेळा आलं असतं आणि हे वाट बघणं गेलं असतं.

मग फुलीची घरं. फुलीवर सोंगटी मरत नाही, म्हणजे लपून बसायची सोय झाली. नुसती तेवढीच सोय असती तर सगळे तिथंच बसले असते, म्हणून बऱ्याच घरांत अजून एक नियम असतोय, की समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरायचं नाही. हा एक नियम काढून खेळून बघ. सगळे गुमान फुलीवरनं फुलीवर उड्या मारत आत जातात, कुणी कुणाच्या वाटंला जात नाही, भांडण नाही, आरडाओरडा नाही, मजा खल्लास. ज्या कुणा अडाणी-शहाण्यानं तो नियम घातला असेल त्याला गेम डिझाइन आपल्यापेक्षा जास्त कळत होतं, त्यानं बघितलं की माणसं कुठं आळस करायलेत आणि नेमकं तिथंच त्यांना उठवलं.

आता तुझी कुस्ती. तू उद्यमनगरचा आहेस म्हणजे तुला वेगळं सांगायला नको, फौंड्रीत कुणी उठून डायरेक्ट लोखंड ओतत नाही, आधी पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) होतो, तो चुकला तर घासता येतो, नाहीतर दुसरा करता येतो. गेमचा पॅटर्न कागदाचा असतो.

घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्या असतील, त्यांच्या कोऱ्या बाजू कापून पत्ते कर. दोघं खेळणार, प्रत्येकाला तीन पत्ते: डाव, तोड (डावावरचा उतारा), दम. मूठभर चिंचोके घे. एका कागदावर ओळीत सात घरं आख, मधल्या चौथ्या घरात शर्टाचं एक बटण ठेव. बटण म्हणजे झोंबाझोंबी कुठल्या बाजूला सरकायलीय ते. बटण तुझ्याकडच्या शेवटच्या घरात आलं की तू चीत, समोरच्याकडच्या शेवटच्या घरात गेलं की तो.

चिंचोके म्हणजे दम. सुरुवातीला प्रत्येकाला चार, साठवता येतात जास्तीत जास्त सहा. दोघांनी एकेक पत्ता पालथा ठेवायचा, एकदम उघडायचा. डाव टाकायला दोन चिंचोके जातात, तोडीला एक, आणि दमाचा पत्ता टाकला की दोन मिळतात. डावासमोर दम आला तर डाव लागला, बटण दम घेणाऱ्याकडं एक घर सरकणार आणि त्याला चिंचोके पण नाहीत. डावासमोर तोड आली तर डाव टाकणाऱ्याचाच पोपट, बटण त्याच्याकडं एक घर. तोडीसमोर दम आला तर तोड फुकट गेली आणि समोरचा निवांत दोन चिंचोके घेऊन बसला. डावावर डाव आला तर दोघांचा दम गेला आणि बटण जागच्या जागी, तोडीवर तोड आली तरी तसंच. दोघांनीही दम घेतला तर दोघांना दोन-दोन.

झाला गेम. कुठलं इंजिन लागलं? संध्याकाळी शॉप बंद झाल्यावर अर्ध्या तासात तयार होतंय हे.

पण मी सांगितलेले नियम बरोबर आहेत असं समजू नकोस, त्यात एक भोक आहे आणि ते खेळताखेळता तुला सापडेलच. एखाद्याचे चिंचोके शून्य झाले की त्याच्याकडं टाकायला फक्त दमाचा पत्ता उरतो, बरोबर? हे समोरच्याला पण दिसतंय. मग तो बिनघोर डाव टाकणार. डाव लागला की दम घेणाऱ्याला काहीच मिळत नाही, म्हणजे तो परत शून्यावरच. समोरच्याकडं सहा चिंचोके असले तर तीन डाव, तीन घरं, चीत. म्हणजे कुस्ती खरी शून्यावरच संपली आणि पुढच्या तीन फेऱ्या नुसती औपचारिकता, हरणारा जांभया द्यायला लागतोय आणि जिंकणाऱ्याला पण काय विशेष वाटत नाही.

याला काय करशील? पहिली बुद्धी होते की नवीन पत्ता घालूया, नवीन मीटर घालूया. थांब. बघ, फक्त एवढंच बदललं की डाव लागला तरी दम घेणाऱ्याला शून्याऐवजी एक चिंचोका मिळेल, तर काय होतंय. एक घर मागं गेला, पण हातात एक चिंचोका आला, म्हणजे आता तो तोड टाकू शकतो. टाकेलच असं नाही, पण टाकू शकतो. आता समोरच्याला डाव टाकताना विचार करायला लागतो, कारण तोड बसली तर सरकलेलं बटण परत त्याच्याच अंगावर येणार. आणि हा पण विचार करतोय, की तो घाबरून दम घेईल, मग मी एकुलता एक चिंचोका तोडीत कशाला घालवू. एका चिंचोक्यानं तुझा तो खडाखडीतला क्षण परत आला बघ, तोसुद्धा नेमका हरत आलेल्या माणसाच्या हातात.

हे असं काम असतंय. वहीत लिहून हे कधीच कळलं नसतं, कारण वहीत प्रत्येक आयडिया चांगलीच दिसते. एका वेळी एकच नियम बदल, बदललास की तारीख टाकून एका ओळीत लिही काय बदललं आणि काय झालं (वहीची उरलेली पानं इथं वापर), आणि दोन नियम एकदम बदलायचा मोह आवर, नाहीतर गेम सुधारला का बिघडला ते कशामुळं हेच कळत नाही. पट, टांग, ढाक, कलाजंग हे सगळे डाव आणायची घाई पण आत्ता नको, आधी नुसता "डाव" नावाचा एक पत्ता मजा देतोय का बघ, मग त्याचे दोन प्रकार कर, एक स्वस्त आणि कच्चा, एक महाग आणि जोरकस.

खेळायला कुणाला द्यायचं, हे पण शिकायला लागतंय. तुझा जिगरी मित्र एक कुस्ती खेळणार आणि म्हणणार "नाद खुळा भावा, जगात भारी", आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. प्रेमानं बोलतोय तो. त्यापेक्षा शेजारचं दहा वर्षांचं कार्टं धर, ज्याला कंटाळा आला की तोंडावर सांगतंय. ज्यानं आयुष्यात मोबाईलवर गेम खेळला नाही असा शॉपवरचा एखादा कामगार धर, जेवणाच्या सुट्टीत. आणि एखादा तालमीतला खरा पैलवान मिळाला तर सोन्याहून पिवळं, तो तुला सांगेल की दम असा परत येत नसतोय, कुस्तीत दमलेला माणूस चिडला की वेगळाच होतो, आणि त्यातनं तुला एक फुकटचा नियम मिळून जाईल.

नियम एकदा सांग आणि मग तोंडाला कुलूप. हे लै अवघड जातंय, समोरचा चुकीचा पत्ता टाकत असतो आणि आपला हात शिवशिवत असतो सांगायला. सांगायचं नाही. त्याचा हात कुठल्या पत्त्यावर जाऊन परत येतो ते बघ, कुठला पत्ता तो कधीच उचलत नाही ते बघ, कुठल्या वेळी तो समोरच्याच्या तोंडाकडं बघायला लागतो ते बघ. झाल्यावर "आवडला का" विचारू नकोस, कुणीही हो म्हणतंय. पत्ते गोळा करायला लाग आणि तो "अजून एक होऊ दे" म्हणतो का ते ऐक.

गप्प बसायचं कारण पण सांगते. उद्या गेम कुणाच्या तरी मोबाईलवर गेला की तू तिथं समजवायला नसणार. १९८५ चा सुपर मारिओ आठवतोय ना, त्या व्हिडिओगेमच्या कॅसेटवर सगळ्यांनी खेळलेला. पहिल्याच स्क्रीनवर समोरनं एक ब्राऊन मशरूमसारखं टकुरं चालत येतं, धडकलास की मेलास, उडी मारून अंगावर पडलास की ते मेलं. लगेच पुढं प्रश्नचिन्हाचे ठोकळे, त्यातल्या एकातनं चांगलं मशरूम निघतं, ते उजवीकडं घरंगळतं, खाली पडतं, पाइपला आपटून परत तुझ्याकडंच येतं, त्यामुळं घाबरून पळायला गेलास तरी बहुतेक वेळा ते अंगावर येतंच आणि तू मोठा होतोस. एक अक्षर लिहिलेलं नाही कुठं, मराठी पोराला पण कळलं आणि जपानी पोराला पण. असं करता येण्यासाठी आधी माणसं अडकतात कुठं ते दिसायला लागतं, म्हणून गप्प बसून बघ म्हणते.

आता इंजिन, ज्यासाठी पत्र लिहिलंस. गोडो घे. विषय संपला. यूट्यूबवरच्या मारामाऱ्या बघणं बंद कर. गोडो फुकट आहे, ओपन सोर्स आहे, उद्या तुझा गेम चाललाच तर त्यातलं काही गोडोवाल्यांना द्यायचं नसतं. डाउनलोड दोनशे एमबीच्या आत आहे, इन्स्टॉल पण करायला लागत नाही, उघडलं की सुरू, आणि तुझ्या ८ जीबी रॅमवर टूडी काम आरामात होईल. नवीन प्रोजेक्ट काढताना रेंडरर (स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग) विचारेल तिथं कम्पॅटिबिलिटी निवड, जुन्या मशीनला ते बरं पडतं. त्याची स्वतःची जीडीस्क्रिप्ट भाषा आहे, डिप्लोमाला थोडं पायथन किंवा सी बघितलं असशील तर अवघड नाही जाणार.

युनिटी वाईट आहे असं नाही, जगभरातले मोबाईल गेम त्यात होतात, नोकरी करायची ठरलं तर शिकावंच लागेल कदाचित. पण त्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेलं की ठराविक मर्यादेच्या पुढं गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितका चार्ज घेणार, जगभरातले गेमवाले खवळले, शेवटी वर्षभरानं तो चार्ज रद्द केला, तेव्हापासनं लोक जरा जपून असतात. अनरियल थ्रीडीत बाप आहे पण तुझा लॅपटॉप त्यात रडेल. आणि लॅपटॉप जुना आहे म्हणून तू थांबला असशील तर ऐक, टेट्रिस १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्हनं ज्या मशीनवर केला त्या मशीनला ग्राफिक्सच नव्हते, त्यानं पडणारे ठोकळे टायपिंगच्या चौकोनी कंसांनी दाखवले. ठोकळा फिरवून कुठं बसवायचा एवढाच निर्णय होता, पण तो पक्का होता.

गोडोत पहिल्या दिवशी कुस्ती करायला जाऊ नकोस. आधी पाँग कर, १९७२ चा तो दोन काठ्या आणि एका चेंडूचा गेम, त्यात हलवणं, आपटणं, स्कोर, जिंकणं-हरणं, परत सुरू करणं हे सगळं येऊन जातं आणि एवढं जमलं की भीती मोडते. मग तुझा पत्त्यांचा गेम तसाच्या तसा आण: तीन बटणं, सात चौकोन, चिंचोक्यांच्या जागी ठिपके. पैलवान म्हणजे एक लाल चौकोन आणि एक निळा चौकोन, बास. समोर कॉम्प्युटर आहे, तो आधी डोळे झाकून कुठलाही पत्ता टाकेल. मग त्याला थोडं शहाणं कर, तुझे मागचे तीन पत्ते लक्षात ठेवून त्यावर अंदाज बांधायला शिकव, म्हणजे सारखा डाव टाकणाऱ्याला तो तोडीवर घ्यायला लागेल. इथं तुझा पहिला पैलवान स्वभावानं तयार होईल बघ, चित्र नसताना. एक घाईवाला, एक दम खाऊन बसणारा, आणि मग तुझ्या वहीतली कॅरेक्टर हळूहळू बाहेर येऊ देत.

आणि एक गोष्ट लवकर कर, आवाज. जत्रेतल्या मैदानात जाऊन मोबाईलवर हलगी रेकॉर्ड करून आण, वाजवणाऱ्याला विचारून. पत्ते उघडायच्या आधी हलगी चढत जाते आणि डाव लागला की एक थाप आणि स्क्रीन एवढीशी हलते, एवढ्यानं तो लाल चौकोन पैलवान वाटायला लागतो. ड्रॉइंगवाल्या मित्राला सांग की तुझा सल्ला बरोबर आहे पण टर्न आला नाही अजून, आणि त्याला येत असेल तर पुढं त्यालाच कामाला लाव.

ओपन वर्ल्ड आणि ऑनलाइन मल्टिप्लेयर दोन्ही काढ. पहिल्या गेममध्ये नाही म्हणजे नाही. ऑनलाइन म्हटलं की सर्व्हर आला, त्याचं बिल आलं, चीटिंग करणारे आले, आणि एवढं करून गेम उघडला की समोर खेळायला कुणीच ऑनलाइन नाही. दोघांनी एकाच मोबाईलवर आळीपाळीनं लपवून पत्ता निवडायचा, असं कर, कट्ट्यावर बसून खेळायला उलट तेच भारी. स्टारड्यू व्हॅली नावाचा गेम एकट्या माणसानं केलाय हे तुला कुणीतरी सांगेलच, तर तो २०१६ मध्ये आला आणि त्याच्यामागं एरिक बॅरोनची साडेचार वर्षांच्या आसपास मेहनत होती, तीही कॉम्प्युटर सायन्स शिकून झाल्यावर. तू आधी महिन्याभरात संपेल असं काहीतरी संपव. संपवणं ही वेगळी कला आहे आणि ती फक्त संपवूनच येते.

बाबांचं म्हणजे, मला त्यांचा राग येत नाही. टीव्हीवर इतकी वर्षं रमीच्याच जाहिराती बघितल्या त्यांनी, त्यांना गेम म्हटलं की दुसरं काय आठवणार. त्यांना सांग, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनंच केलाय, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि साधे करमणुकीचे गेम वेगळे काढलेत. तुझं काम त्या दुसऱ्या खान्यात बसतंय. पुण्यातल्या टीमनं केलेला राजी नावाचा गेम २०२० मध्ये जगभर विकला गेला, तो त्यांना दाखव. पण खरं सांगू का, कायदा-बियदा राहू दे, दुपारी डबा खाऊन झाला की त्यांच्यासमोर चिंचोके मांड. ज्या पिढीनं तालमी बघितल्यात त्यांना डाव आणि तोड समजवायला लागत नाही. आणि शॉप सोडू नकोस बरं का एवढ्यात. या लाइनमध्ये नोकऱ्या आहेत, पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबादला आहेत, पण तिथं "तू काय काय बनवलंयस, दाखव" हा पहिला प्रश्न असतो आणि १८० पानांची वही तिथं कुणी उघडत नाही. खेळता येणारे तीन छोटे गेम दाखवलेस तर बोलणं पुढं जातं.

खऱ्या पैलवानांची आणि तालमींची नावं परवानगीशिवाय वापरू नकोस, गाव छोटं आहे आणि माणसं तालमीच्या नावावर लै हळवी आहेत. नावं बनव. पेठेचं नाव पण बनव.

बाहेर काढायचं म्हटलं तर इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर टाकायला पैसे लागत नाहीत, पहिला गेम तिथंच टाक, ब्राउजरमध्ये चालतो, मित्रांना लिंक पाठवली की झालं. गुगल प्लेचे एकदाच २५ डॉलर, पण नवीन वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करायच्या आधी निदान १२ टेस्टर सलग १४ दिवस ठेवायला लागतात, ते तुला तालमीच्या एका कट्ट्यावर मिळतील. स्टीम, म्हणजे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान, त्याचे प्रत्येक गेममागं १०० डॉलर, त्याचा विचार आत्ता नको. जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो, एका वीकेंडला जगभर लोक बसून गेम संपवतात, तोपर्यंत पाँग आणि पत्ते झाले असतील तर त्यात उतर, तिथं चित्र काढणारे आणि कोड करणारे सोबती भेटतात.

राहिला कोर्स. आत्ता नको. कोर्स वाईटच असतात असं नाही, पण तुला अजून माहीत नाही तुला काय येत नाहीये, कोडिंग का चित्र का डिझाइन, आणि ते माहीत नसताना दीड लाख भरलेस तर ते जे शिकवतील तेच तुला पाहिजे होतं असं वाटेल. चार-पाच महिने हे करून बघ. मग जायचंच ठरलं तर तिथं तीन गोष्टी विचार: मागच्या बॅचच्या पोरांनी पुरे केलेले गेम दाखवा, मी डाउनलोड करून खेळतो. शिकवणाऱ्यानं स्वतः कुठला गेम बाजारात आणलाय? आणि कोर्समध्ये किती तास सॉफ्टवेअरची बटणं शिकवणार नि किती तास आमचे गेम दुसऱ्याला खेळायला देऊन बघणार? तिसऱ्या प्रश्नाला गोलगोल उत्तर आलं तर उठून ये.

ते ५ हजार भरलेस त्याची पावती घेतलीस का? पावतीच्या मागं बारीक अक्षरात रिफंडची तारीख असते बऱ्याचदा. आजच बघ, आणि मुदत असेल तर फोनवर बोलू नकोस, मेल टाक, म्हणजे लेखी राहतंय.